चार नंबर मागावरचा डाग

माझ्या धाकट्या बहिणीच्या तळहातांना घाम यायचा. उन्हातून चालून आलेल्या माणसाला येतो तसा नव्हे. पौषाच्या थंडीत शाल पांघरून बसली असली तरी तिच्या बोटांच्या टोकांवर थेंब जमायचे आणि खाली पडायचे. शाळेत ती हात आणि वही यांच्यामध्ये रुमाल ठेवून लिहायची. त्यात भर म्हणजे तिचा चेहरा. कुणी नुसती नावाने हाक मारली तरी ती गळ्यापासून कानाच्या पाळ्यांपर्यंत लालबुंद व्हायची. बाजारात कुणाची पिशवी चोरीला गेली असती तर पोलिसाने आधी हिलाच धरलं असतं. आई म्हणायची, "माजे बायचा रगत लय वरवर हाय."

मला देवाने दुसरंच कातडं दिलं. मी धडधडीत खोटं बोललो तरी चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. लहानपणी डब्यातला गूळ मी खायचो, आई दोघांना समोर उभं करायची, आणि धपाटा तिला बसायचा. तेव्हा मला त्याची गंमत वाटायची. पुढे जे झालं त्यात गंमत नव्हती आणि ते माझ्यामुळे झालं. आता माझी सत्तरी उलटून गेली. ज्यांना घाबरून मी गप्प बसलो ते राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसलोय. यात शौर्य काहीही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

गोष्ट आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षाची. आम्ही मूळचे अंजूरचे, खाडीकाठी भात पिकवणारे. बाबांनी जमिनीचा एक तुकडा विकून भिवंडीत घर घेतलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंबईच्या कुठल्याशा गिरणीने भंगारात काढलेले सहा यंत्रमाग आणून बसवले. व्यापाऱ्याने सूत द्यायचं, आम्ही पांढरं कापड विणून परत करायचं, असा धंदा. बाबांना मागातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांना चिखल कळायचा, भरती-ओहोटी कळायची. म्हणून शेडची सगळी भिस्त माझ्यावर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. हाताखाली दोन विणकर होते. त्यातले एक पन्नाशीचे, उत्तर प्रदेशातून आलेले. त्यांना आम्ही चाचा म्हणायचो.

बहीण एकोणीसची. ती कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या लाकडी नळ्यांवर सूत गुंडाळायची, आणि विणून झालेल्या ताक्यांच्या घड्या घालायची. हे बायकांचं काम समजलं जायचं. पण तिचे कान सगळे मागांकडे. घड्या घालता घालता मान वर न करता म्हणायची, "दादा, तीन नंबरचा पट्टा सैल झालाय बघ." जाऊन बघावं तर झालेला असायचा. तिला माग चालवायचा होता. दुसरं काही मागणं नव्हतं तिचं. लग्नाचं नाव काढलं तर विषय बदलायची, पण मागाचं नाव काढलं की डोळे चमकायचे. एकदा धीर करून तिने बाबांना विचारलं. बाबा हसले, पण नाही म्हणाले नाहीत. "दिवाली होऊन जाऊ दे, मंग बगू," म्हणाले. तिने ते मनाशी गाठ मारून ठेवलं.

आता तेलाचं सांगतो. मागाला रोज तेल द्यावं लागतं. माग थांबवायचा, तेल द्यायचं, आलेला ओघळ चिंधीने पुसायचा आणि मग पट्टा चढवायचा. सहा मागांना असं केलं की पाऊण तास जातो. मी आळशी आणि वर घाईचा. मी चालत्या मागाला तेल द्यायचो. धोट्याला इकडून तिकडे फेकणारा एक दांडा असतो. त्याच्या बुडाशी तेल जास्त झालं की तो ते उडवतो. मोहरीएवढा थेंब कापडावर पडतो, कापड पुढे गुंडाळलं जातं आणि थेंब आतल्या आत पसरत राहतो. चार नंबरचा माग या बाबतीत फार द्वाड होता. चाचा मला दोन-तीनदा म्हणाले, "मशीन रोक के तेल दो, बेटा. घोड़ा भी दौड़ते-दौड़ते पानी नहीं पीता." मी म्हणायचो, हो चाचा. आणि तेलाचं भांडं घेऊन पुढच्या मागाकडे वळायचो.

होळीच्या सुमाराला व्यापाऱ्याकडून सहा ताके परत आले. पिवळट तपकिरी डाग, कुठे नखाएवढे, कुठे रुपयाएवढे. घेऊन आलेला कारकून ओट्यावर ताका उलगडून म्हणाला, "डाग म्हणजे डाग. कशाचा ते तुमचं तुम्ही बघा." तो गेल्यावर बाबांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"ह्यो डाग कसला?"

मला ठाऊक होतं. बघता क्षणी ठाऊक होतं. पण आदल्याच आठवड्यात बाबा आईला म्हणत होते की शेडवर चुलतभावाला आणावं, तो शांत डोक्याचा आहे, आणि याला अंजूरला भात लावायला पाठवावं. मला त्या चिखलात परत जायचं नव्हतं. भिवंडीत मी पॅन्ट घालून फिरत होतो, नाक्यावर लोक मला शेठ म्हणू लागले होते.

मी म्हणालो, "घडी घालताना हात लागतो ना."

एवढंच. मी तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच पडली नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती पेटल्यासारखी लाल झाली. गाल, कान, गळा, सगळंच. दोन्ही हात तिने पाठीमागे नेले, आणि तिच्या टाचांजवळ फरशीवर टप टप थेंब पडलेले आम्ही तिघांनी पाहिले. बाबांना आणखी कसला पुरावा हवा होता? ते ताका तिथेच टाकून आत गेले.

सगळ्यात वाईट गोष्ट ही की तिनेही ते खरं मानलं. तिच्या हाताने सुताला ओल लागायची, लोखंडाला लागलेल्या हाताचा गंज कधी कधी कापडाला लागायचा, हे काही खोटं नव्हतं. माझ्या खोट्यात चिमूटभर खरं होतं आणि त्या चिमटीवर ते सगळं उभं राहिलं. संध्याकाळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "दादा, माझ्यामुळं तुला ऐकावं लागतं. मी आता जपून करीन."

मी म्हणालो, "जाऊ दे गं." मोठ्या मनाने क्षमा केल्यासारखं. आज ते "जाऊ दे" आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

ती जपायला लागली. हात तुरटीच्या पाण्यात बुडवायची, चुलीतली राख चोळायची, माझे जुने पायमोजे हातात चढवून घड्या घालायची. मीही महिनाभर माग थांबवून तेल दिलं. डाग थांबले. बाबा म्हणाले, "बग, पोरीनं मनावर घेतलं." आणि मग माझी घाई परत आली, आणि डागही परत आले. या वेळी बाबांनी कुणालाच काही विचारलं नाही. आईला म्हणाले, "पोरीला शेडमदी पाय ठेवू देऊ नको."

अशी ती शेडबाहेर गेली. मागच्या दारात बसून भाजी निवडायची आणि मागांचा आवाज ऐकायची. बातमी आळीत गेली, आळीतून नातलगांत. अमक्याच्या पोरीच्या हाताने कापड नासतं. मग शेजारीण तिला लोणच्याच्या बरणीला हात लावू देईना. एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने कौतुकाने तिचा हात हातात घेतला, आणि सोडल्यावर आपला हात पदराला पुसला. हळूच पुसला, पण आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी तिथेच चहाच्या कपबशा गोळा करत होतो. माझं एक वाक्य असं गावभर हिंडत होतं आणि मी त्याला थांबवत नव्हतो.

आईचा विश्वास गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर. अंगाचे सगळे विकार त्याने जातात म्हणायची. एका रविवारी आम्ही तिघं एसटीने गेलो. त्या दोघी बायकांच्या बाजूला उतरल्या, मी बाहेर कट्ट्यावर बसलो. तासाभराने बहीण बाहेर आली ती हसत. केस ओले, तोंड लालभडक, आणि मागून येणाऱ्या सगळ्या बायकांची तोंडंही तशीच लालभडक, सगळ्या घामाने निथळत होत्या.

"दादा, हितं सगल्याच माज्यासारख्या," ती म्हणाली.

आता सांगावं, असं खरंच वाटलं. आई नारळ घ्यायला गेली होती, आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. मी "हे बघ" म्हणून सुरुवातही केली. ती वाट पाहत माझ्याकडे बघू लागली. मग मी म्हणालो, "हे बघ, एसटी चुकेल." कुंडाने काही फरक पडला नाही. कसा पडणार? उकळत्या पाण्यात बसून कुणाचा घाम थांबतो?

ऑपरेशनची गोष्ट आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काढली. ते म्हणाले, मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात यावर शस्त्रक्रिया करतात. आम्हाला आधी वाटलं चेष्टा करतायत. घामाला कुठे सुरी लागते? पण त्यांनी चिठ्ठी दिली आणि बाबा, बहीण आणि मी जाऊन आलो. तिथले सर्जन सरळ बोलणारे होते. घामाचा हुकूम मेंदूकडून हाताकडे एका नसेतून जातो, म्हणाले, ती नस मणक्याच्या कडेने जाते. गळ्याच्या हाडावर छेद घेऊन आत शिरायचं आणि ती कापायची. एका वेळी एकच बाजू. आधी उजवी, मग काही आठवड्यांनी डावी. तोंडावर लाली येते तीही त्याच रस्त्याने, तीही जाईल. मग त्यांनी धोकेही सांगितले. हाताचा बंद झालेला घाम पाठीपोटाला फुटू शकतो. आणि क्वचित त्या बाजूची पापणी उतरते, ती तशीच राहते.

बाबांनी पापणीचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. बहिणीने एकच विचारलं, "मग मी लूम चालवू शकेन?"

सर्जन हसले. "विमान चालव."

बाहेर आल्यावर बाबा तिला म्हणाले, "बाय, तुना नको वाटत असंल तर नको. डाग काय, आपन दुसरी बाई ठेवू घडीला." ती म्हणाली, "न्हाय बाबा, मना करायचा हाय. डाग मनाच बंद करायचेत." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी थोरला, काहीतरी बोलेन म्हणून. मी समोरच्या भिंतीवरची पाटी वाचत होतो. चोर सोडून संन्याशाला सुळी, असं म्हणतात. इथे संन्यासी आपण होऊन सुळाकडे निघाला होता आणि चोर त्याची पिशवी धरून बरोबर चालला होता.

श्रावणात उजवी बाजू झाली. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तर ती खाटेवर बसलेली, मानेला पट्टी, आणि उजवा हात मांडीवर उताणा ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत होती. हात कोरडा ठणठणीत. कोमटसुद्धा. तिने तो आईच्या गालावर ठेवला. जन्मात पहिल्यांदा, मला वाटतं. आई रडायला लागली. मला क्षणभर वाटलं, चला, झालं ते बऱ्यासाठीच झालं. माणसाला स्वतःची सुटका करून घ्यायला किती थोडं पुरतं.

त्याच आठवड्यात चार नंबरच्या ताक्यावर डाग पडले. बहीण हॉस्पिटलात खाटेवर होती, शेडपासून कितीतरी मैल दूर, आणि इथे ताका उलगडला तर ओळीने पाच डाग. चाचा शेजारीच होते. त्यांनी एका डागावर अंगठा घासला, वास घेतला आणि म्हणाले, "पसीना होता तो धोने से चला जाता. और लड़की तो अस्पताल में है." त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वळून आपल्या मागावर गेले. परमुलखातला माणूस, मालकाच्या घरात तो कशाला तोंड घालेल, हा माझा हिशेब बरोबर निघाला.

आमच्याकडे प्रत्येक ताक्याच्या टोकाला निळ्या पेन्सिलीने मागाचा नंबर आणि विणून उतरवल्याची तारीख लिहायची रीत होती. त्या ताक्यावरही लिहिली होती, माझ्याच अक्षरात. तो व्यापाऱ्याच्या पेढीवर पाठवला असता तर डागांसकट परत आला असता, आणि बाबांनी बोटांवर दिवस मोजले असते. मी ताक्याची गुंडाळी केली आणि कांडी मशीनमागे टाकाऊ सुताचं पोतं असायचं त्याच्या तळाशी खुपसली. बाबांना सांगितलं की चार नंबरचं सूत कमी पडलं.

पहिल्या ऑपरेशनपर्यंत मी म्हणू शकतो की घाबरलो होतो, गोष्ट हाताबाहेर गेली होती. मी तसं स्वतःला पुष्कळदा म्हणालोही. पण तो ताका पोत्यात गेल्यानंतर मला काही म्हणायला जागा नाही. डावी बाजू अजून व्हायची होती. ती घरी आल्यावर मध्ये तीन आठवडे होते. एकवीस दिवस ती माझ्यासमोर जेवत होती, उजव्या हाताने.

गणपती झाले आणि तिला पुन्हा न्यायचा दिवस आला. बाबांना ताप होता, आई त्यांच्यापाशी. पेढीवर माल घेऊन जाणारा टेम्पो मुंबईला निघाला होता, त्यात ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघं बसलो. मागे आमचेच ताके. वाटेत मानकोलीला ड्रायव्हरने चहासाठी गाडी थांबवली. तो उतरून ओळखीच्या कुणाशी गप्पा मारायला गेला. आम्ही टपरीच्या बाकावर बसलो. तिने कप उजव्या हातात धरला होता आणि डावा हात रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. रुमाल भिजून काळपट झाला होता.

ती रस्त्याकडे बघत होती. मग तिने विचारलं, "दादा, तुना काय बोलायचा हाय काय?"

तिने असं का विचारलं, हे मला तेव्हा कळलं नाही. की कळून घ्यायचं नव्हतं? माझ्या कपाळाला, पाठीला, कुठेही घाम नव्हता. चेहरा नेहमीसारखा. मी म्हणालो, "न्हाय. चहा गार होतोय, पी."

तिने चहा संपवला. कप ठेवला आणि टेम्पोत जाऊन बसली.

दुसरं ऑपरेशन झालं आणि डाव्या डोळ्याची पापणी उतरली. अर्ध्यावर. सर्जन म्हणाले, थोडी सुधारेल कदाचित, पण फार आशा ठेवू नका, आणि आधी सांगितलं होतं याची आठवणही दिली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हात दोन्ही कोरडे झाले. चेहरा कोरडा झाला आणि त्यावर लाली येईनाशी झाली. हाक मारली, रागावलं, चेष्टा केली, तरी रंग तोच. घाम मात्र गेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. तिच्या पोलक्याची पाठ चिंब भिजायची, दिवसातून दोनदा बदलायला लागायचं. ती म्हणायची, पाठ कुठं ताक्याला लागते? आणि स्वतःच हसायची. हसताना डावा डोळा जवळजवळ मिटायचा.

दसऱ्याला आम्ही मागांची पूजा करायचो. फुलं, हळदकुंकू, आपट्याची पानं. त्या दिवशी बाबांनी सगळ्यांसमक्ष पाच नंबरचा धोटा तिच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कोरडे तळवे वर करून बाबांना दाखवले. बाबांनी डोळे पुसले. चाचांनी "शाबाश बेटी" म्हटलं. मी झेंडूची माळ बांधत होतो.

त्या दिवसापासून मी चालत्या मागाला तेल दिलं नाही. एकदाही नाही. आणि डाग बंद झाले. बाबा येईल त्याला सांगायचे, बघा, पोरीचं ऑपरेशन केलं आणि डाग बंद झाले.

मग दिवाळी आली. भाऊबीजेला सकाळी बहिणीने भावाला तेल लावायचं, अशी आमच्याकडे पद्धत. आजवर हे काम मोठ्या आत्याची मुलगी येऊन करायची, कारण ओल्या हाताने तेल जिरत नाही असं कुणीतरी म्हणायचं. त्या वर्षी बहीण म्हणाली, मी लावणार. अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी. मी उघड्या अंगाने पाटावर बसलो, ती मागे उभी. तिचे तळवे माझ्या डोक्यावर फिरले तेव्हा मी दचकलो. कोरडे, गरम, जड हात. बाईच्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. रोज माग चालवणारे हात होते ते.

तेलाचा ओघळ माझ्या कानामागून मानेवर आला. तिने बाजूचा एक मऊ फडका उचलून तो पुसला आणि फडका माझ्या खांद्यावर टाकला. पांढऱ्या कापडाचा चौकोन, कडा शिवलेल्या. त्याच्या मधोमध तपकिरी डाग. आणि कोपऱ्यात, पुसट पण वाचता येईल असं, निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं: ४ नं., आणि खाली तारीख. अक्षर माझं.

तिचे हात थांबले नव्हते.

"हे कुठं मिळालं?" मी विचारलं.

"पोत्यात. गणपतीच्या आदी आईनं मना शेड झाडाया धाडला होता, तवा."

गणपतीच्या आधी. म्हणजे मानकोलीच्या आधी.

मग मी बोललो. चालत्या मागाला तेल, अंजूरची भीती, पहिलं वाक्य, पोतं, सगळं. तिच्याकडे पाठ होती म्हणून बोलता आलं. आणि फडका खांद्यावर पडल्यावर बोललो, आधी नाही, हेही मला माहीत होतं. ती माझ्या डोक्यात तेल जिरवत होती. मध्येच मी विचारलं, "मग कळलं होतं तर गेलीस कशाला परत?" आणि विचारताना माझा आवाज चढला. म्हणजे बघा, त्यातही मी तिच्यावरच चिडत होतो.

"डावा हात मना करायचाच होता, दादा. एका हातानं लूम चालते काय?" ती म्हणाली. "डोल्याचा तू मनाला लावून घेऊ नको. तो धोका माजा मीच घेतला." मग म्हणाली, "पन मानकोलीला मी तुना इचारला होता."

तिने तळव्यावर आणखी तेल घेतलं.

"तू म्हनलास, चहा गार होतोय."

मी मान खाली घातली. तिला ते बरंच पडलं, मानेमागचं तेल लावायचं राहिलं होतं. ते लावून झाल्यावर मी म्हणालो, "मी बाबांना सांगतो. आजच सांगतो."

"सांग," ती म्हणाली. आणि हात धुवायला आत गेली.

त्यानंतर बाबा अठरा वर्षं जगले. पाहुणे आले की त्यांचं ठरलेलं होतं. मुलीला हाक मारायचे, तिचे तळवे पाहुण्यांना दाखवायला लावायचे आणि सांगायचे, "ही पोर पयले कापड नासवायची. आता बगा." ती तळवे पुढे करायची. चेहरा लाल होत नव्हता, कारण ती नस राहिलीच नव्हती. ती फक्त एकदा माझ्याकडे बघायची. मी तिथेच बसलेलो असायचो, बाबांपासून हातभर अंतरावर, आणि पाहुण्यांना म्हणायचो, चहा घ्या, गार होतोय.